ट्यूलिपच्या बागेत पाखरं कुठे शोधायची? लाखनीच्या ताईंना सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे. लाखनीजवळच्या गावातल्या एक शिक्षिका ताई एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन मुलाकडे नेदरलँड्सला चालल्या आहेत. मुलाने क्युकेनहॉफ या प्रसिद्ध फुलबागेची तिकिटं काढायचं ठरवलंय. ताई विचारतात, "फुलं तर दिसतीलच, पण आम्ही तलावाकाठची माणसं, आमचा जीव पाखरांत. त्या बागेत पाखरं, प्राणी काही दिसतील का, की नुसती मांडलेली फुलंच? कुठे पाहायचं? दुर्बीण न्यायची का? आणि पंचाहत्तरीच्या सासूबाईंना ते जमेल का?"

ताई, दिसतील. आणि तुम्ही नेमक्या ज्या दिवसांत चाललात, त्या दिवसांत जे दिसतं ते आपल्या भागात कितीही हिंडलं तरी दिसत नाही. मी नवेगावबांध-नागझिरा पट्ट्यात लोकांना पक्षी दाखवतो, आयुष्य त्यातच गेलं. मुलगी लायडनला राहते म्हणून वसंतात तिच्याकडे राहणं झालं आणि ही बाग नीट पाहता आली. त्या आधारावर सांगतो.

आधी बागेचं स्वरूप समजून घ्या, म्हणजे कुठे पाहायचं ते आपोआप कळेल. क्युकेनहॉफ लिस या गावाजवळ आहे. विस्तार ३२ हेक्टर, म्हणजे आपल्या ऐंशी एकरांच्या घरातला. १९४९ मध्ये फुलांच्या कंदांचे उत्पादक आणि व्यापारी एकत्र आले आणि १९५० पासून बाग लोकांसाठी खुली झाली. दर वर्षी पावसाळी थंडीच्या तोंडावर सुमारे ७० लाख कंद हातांनी लावतात, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत बाग उघडी राहते, मग कंद काढून टाकतात आणि पुढच्या वर्षीची आखणी सुरू होते. म्हणजे ट्यूलिपचे वाफे हा दर वर्षी बदलणारा भाग. पण तिथली जुनी बीच जातीची झाडं, तळी, पाण्याचे पाट, झुडपांच्या कडा हे सगळं जुनं आणि कायमचं आहे. १८५७ मध्ये झोखर या बापलेकांनी इथल्या वाड्याभोवतीच्या बागेची आखणी केली, तिच्यावरच आजची बाग उभी आहे. पाखरं या जुन्या भागात राहतात. वाफ्यांत ती फार तर चरायला उतरतात. म्हणून फुलांकडे पाहून झालं की पाठ फिरवायची आणि पाण्याच्या काठाकडे, झाडाच्या बुंध्याकडे, झुडपाखालच्या सावलीकडे बघायचं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या मामा तलावांवर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांवर, आपण जी पाणपाखरं पाहतो त्यातली बरीचशी हिवाळी पाहुणी. ती नोव्हेंबरात येतात, मार्च सरता सरता निघून जातात. त्यांचं खाणं, पोहणं, झोपणं आपण पाहतो. त्यांचं घर, लग्न, लेकरं आपल्याला दिसत नाहीत. एप्रिलमध्ये हॉलंडात नेमकं तेच चाललेलं असतं. त्याच जाती, पण विणीच्या रंगात, गळा मोकळा करून गाणाऱ्या, घरटी बांधणाऱ्या, भांडणाऱ्या. एक खुलासा मात्र करतो, कारण हा गैरसमज फार आहे: आपल्या तलावावरची तीच पाखरं तिकडे जातात असं नाही. आपल्याकडे येणारी बहुतेक सैबेरिया, मध्य आशिया, मंगोलिया या बाजूची. हॉलंडातली स्थलांतर करणारी पाखरं मुख्यतः आफ्रिकेकडे जातात. जात एक, वाटा वेगळ्या.

वारकरी घ्या. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. नवेगावबांधच्या पाण्यात हिवाळ्यात यांचे थवे तुम्ही पाहिले असतील, काठावरून नुसते काळे ठिपके. क्युकेनहॉफच्या पाटात हाच वारकरी तुमच्यापासून हातभर अंतरावर काड्या ओढत असतो. थांबा तिथे. जोडीतला एक घरट्यावर बसलेला असतो, दुसरा पाण्यातून काडी, पान, गवताचा पुंजका आणून त्याच्या चोचीत देतो, आणि बसलेला तो काठाला खोचतो. पाणी चढलं तर घरटंही वर चढवतात. पाय पाण्याबाहेर निघाले की नक्की बघा: बोटांना बदकासारखा पडदा नसतो, प्रत्येक बोटाला वेगळ्या हिरवट झालरी असतात. आपल्या तलावावर दुर्बिणीतूनसुद्धा हे कधी दिसत नाही. एप्रिल सरता सरता पिल्लं निघू लागतात. त्यांचं डोकं लालभडक, मानेभोवती पिवळी-केशरी पिसं, आईबापांशी काही साम्यच नाही. सासूबाईंना दाखवून ओळखायला सांगा. शहरातले वारकरी घरट्यात प्लास्टिकही खोचतात. ॲमस्टरडॅमच्या एका कालव्यातलं घरटं अभ्यासकांनी थर उलगडून तपासलं, तर तळाच्या थरात १९९०च्या दशकातली वेष्टणं निघाली. एकाच जागी वर्षानुवर्षं थरावर थर चढत गेलेले. आपल्या गावच्या तलावाच्या आऊटलेटपाशी साठणारा कचरा आठवून हे मला फार लागलं.

वारकऱ्याजवळच लाल कपाळाची, पिवळ्या टोकाच्या चोचीची पाणकोंबडी असेल. ती आपल्या बोडीतलीच. तिची ओळख करून द्यायची गरज नाही.

मोठी टिबुकली बागेच्या तळ्यापेक्षा बाहेरच्या मोठ्या पाण्यावर जास्त भेटते, पण तिच्यासाठी मुद्दाम वेळ काढा. मुलाला सांगा, लिसच्या दक्षिणेला कागरप्लासन नावाचा तळ्यांचा मोठा पसारा आहे, तिथे न्यायला. विदर्भातल्या मोठ्या जलाशयांवर ही हिवाळ्यात कधीमधी दिसते, तेव्हा करडी-पांढरी आणि साधी. वसंतात तिच्या डोक्यावर काळे तुरे उभे राहतात आणि गालांभोवती तांबूस झालर येते. जोडी समोरासमोर येते, माना ताठ करून डोकी हलवते, एक डावीकडे बघते तर दुसरी उजवीकडे, मधेच मागे वळून स्वतःची पाठ विंचरल्यासारखं करते. नशीब असेल तर दोघंही बुडी मारून चोचीत पाणवनस्पती घेऊन वर येतात आणि छातीला छाती लावून पाण्यावर उभी राहतात. गोंदियाच्या धानबांध्यांमध्ये सारसाच्या जोडीचा नाच ज्याने पाहिलाय, त्याला या नाचाचं मोल सांगावं लागत नाही.

हंस बागेत दिसतीलच. फोटो सगळे त्यांचेच काढतात. हा मूक हंस, केशरी चोच आणि तिच्या मुळाशी काळी गाठ. नराची गाठ मोठी. आपला सारस उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यांत उंच, तर हा सगळ्यांत वजनदारांपैकी एक, मोठा नर १० ते १२ किलोंचा भरतो. एप्रिलमध्ये मादी अंड्यांवर असते आणि नर राखण करतो. पंख पाठीवर शिडासारखे फुगवून, मान मागे घेऊन तो तुमच्याकडे पोहत आला तर तो पोज देत नाहीये, इशारा देतोय. दोन पावलं मागे या. लोक मोबाइल घेऊन आणखी पुढे जातात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण घरट्यावरची मादी उठली तर अंडी गार पडतात. पावही टाकू नका, शेजारच्याने टाकला तरी.

एक सावधगिरी. बागेत लहान मुलांसाठी पाळीव जनावरांचं एक कुरण आहे, आणि अशा बागांमध्ये शोभेची बदकंही कधी ठेवलेली असतात. यादी करताना पाळलेली आणि रानातली वेगळी ठेवा. इजिप्शियन गूज नावाचं तपकिरी, डोळ्याभोवती गडद ठिपका असलेलं हंसबदक जागोजागी दिसेल. ते मूळचं आफ्रिकेचं, पाळलेल्यांतून सुटून वाढलेलं, आणि २०१७ पासून युरोपीय संघाच्या उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे.

परक्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो, सासूबाईंना तिथे ओळखीचा आवाज ऐकू येईल. लायडन, हेग, हार्लेम, ॲमस्टरडॅम इथल्या उद्यानांत आपला राघू आहे. आपल्या बोरीवर, ज्वारीच्या कणसावर उतरतो तोच, गळ्याला गुलाबी-काळी कंठी असलेला. पिंजऱ्यातून सुटलेल्या आणि सोडलेल्या पोपटांची ही पिलावळ, गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथे वीण करते. थंडीत तो टिकतो कसा, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. शहरं आजूबाजूच्या रानापेक्षा उबदार असतात, लोक हिवाळ्यात अंगणात दाणे-शेंगदाणे टांगतात, आणि जुन्या झाडांच्या ढोलीत रात्र काढता येते. एवढं त्याला पुरतं. पण पिंजऱ्यासाठी पकडून नेलेलं पाखरू परक्या मुलुखात घर करतं, तेव्हा तिथल्या ढोल्यांवर त्याचा भार पडतो. आपल्याकडे राघू पाळणं कायद्याने गुन्हा आहे, हे वर्गात मुलांना सांगताना हे उदाहरण जरूर वापरा.

आता झाडांकडे या. जुन्या बीचच्या रांगांमध्ये सकाळी लाकडावर जोरात, झपाट्याने टकटक ऐकू येईल, एखाद्या सेकंदात दहा-पंधरा ठोके. हा तिथला काळा-पांढरा सुतार, शेपटीखाली लाल. तो भोक पाडत नाहीये. पोकळ, वाळकी फांदी निवडून तो आपली हद्द जाहीर करतोय. आपला सोनेरी पाठीचा सुतार खळखळून ओरडून हेच काम करतो. खाली, झुडपाच्या बुडाशी, केशरी छातीचा छोटा रॉबिन असेल. माळी माती उकरतो तिथे तो हमखास येतो, कारण गांडुळं वर येतात, जसे आपल्याकडे नांगरामागे बगळे. बागेत काम करणारे लोक दिसले की त्यांच्या पायांजवळ बघा.

राखी वल्गुली तुम्हाला नागझिऱ्यात माहीत आहे: काळं डोकं, पांढरे गाल, छातीवरून उतरलेला काळा पट्टा. तिथली वल्गुली तशीच, फक्त पोट लख्ख पिवळं आणि पाठ हिरवट. पुष्कळ वर्षं या दोन्ही एकच जात मानल्या जात, अलीकडे वेगळ्या केल्या. दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या की जाती का फुटतात, ते पुस्तकाशिवाय समजतं.

आवाजांत दोन ओळखून ठेवा. पहिला चिफचॅफ. हिवाळ्यात आपल्या आंब्या-बोरींत वळवळणाऱ्या हिरवट-करड्या वटवट्यांपैकी हा एक, पण इथे तो गात नाही, नुसता टिचकी मारल्यासारखा बोलतो. तिथे उंच शेंड्यावर बसून दोन सुरांत एकसारखा गात असतो, मार्चच्या मध्यापासूनच. दुसरा काळा कस्तूर: नर पूर्ण काळा, चोच केशरी-पिवळी. छपरावर, झाडाच्या टोकावर बसून तो संथ, खालच्या पट्टीत, बासरीसारखा गातो. तुम्ही मुलाच्या घरी उतरलात की पहाटे खिडकी थोडी उघडी ठेवा, तो तिथेच ऐकू येईल. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे पावणेसातच्या आगेमागे उजाडतं आणि साडेआठच्या पुढे मावळतं, म्हणजे संध्याकाळी जेवण झाल्यावरही एक फेरी होते.

फुलांवरचे जीव राहिले. इथे माझा आग्रह आहे की ट्यूलिप सोडून मस्कारीपाशी बसा. मस्कारी म्हणजे वीतभर उंचीचं निळं फूल, द्राक्षाच्या घडासारखे बारीक कलश एकमेकांवर रचलेले. ट्यूलिपमध्ये मध जवळपास नसतो, पराग असतो, म्हणून त्यावर वर्दळ कमी. मस्कारीवर मात्र एक मोठी, केसाळ, काळी-पिवळी माशी गुणगुणत येते, ती बंबलबीची राणी. ही माशी भारतात हिमालयात आहे, आपल्या मैदानात नाही. तिची गोष्ट अशी: मागच्या वर्षीची सगळी वसाहत थंडीच्या आधी मेलेली असते, फक्त गाभण राण्या जमिनीत झोपून हिवाळा काढतात. मार्च-एप्रिलमध्ये एकेक राणी एकटीच बाहेर पडते, उंदराचं जुनं बीळ वगैरे शोधते आणि एकटीच पहिली पिढी वाढवते. गार सकाळी ती फुलावर बसून नुसती थरथरताना दिसेल. पंख जागच्या जागी आणि अंग मात्र थरथरतंय. उडायच्या स्नायूंना ती अशी ऊब देते, त्यांचं तापमान तिशीच्या आसपास गेल्याशिवाय तिला उडता येत नाही. त्यामुळे पारा १० अंशांजवळ असताना, मधमाश्या पोळ्यातच थांबलेल्या असताना, ही कामाला लागते. गुडघे टेकून एका फुलाजवळ दहा मिनिटं बसलात तर ती किती कलशांत सोंड घालते, कोणते टाळते, मागच्या पायावर परागाचा गोळा कसा चढतो, सगळं दिसेल. हात लावू नका. ती सहसा डसत नाही, पण दाबली गेली तर डसते.

ऊन पडलं तर फिकट पिवळं, पानाच्या आकाराचं ब्रिमस्टोन फुलपाखरू आणि पंखांवर मोरडोळे असलेलं पीकॉक ही दोन लवकर येणारी. दोन्ही प्रौढ रूपातच हिवाळा काढतात, म्हणून पीकॉकचे पंख फाटके दिसले तर नवल नको.

बागेतली पवनचक्की चुकवू नका. तिच्यावर चढलं की कुंपणापलीकडची कंदांची शेतं दिसतात. तुम्ही शेतकरी घरातल्या, तुम्हाला एक गोष्ट खटकेल: फुलं पूर्ण उमलली की शेतकरी यंत्राने मुंडकी छाटतात आणि शेतातच टाकतात. पीक फुलाचं नाही, कंदाचं आहे. छाटलं नाही तर ताकद बी धरण्यात जाते. या शेतांत पिवळा धोबी वीण करतो, जमिनीवर, कंदांच्या सरींमध्ये. आपल्याकडे तो हिवाळ्यात तलावाच्या ओल्या काठावर ढोरांच्या पायांत शेपटी हलवत असतो. तिथला नर पाहिलात तर राखी-निळं डोकं, पांढरी भुवई आणि हळदीसारखं पोट. दुर्बीण शेताच्या सरळ ओळींवर सावकाश फिरवा. तांबूस-करडा ढेकूळ कान हलवू लागला तर तो ससा.

आणि शेतांपलीकडच्या गवताळ कुरणांत काळ्या शेपटीचा गॉडविट. लांब पाय, लांब सरळ चोच, विणीच्या दिवसांत मान विटकरी. २०१५ मध्ये डच लोकांनी मतदान करून याला राष्ट्रीय पक्षी निवडलं. पश्चिम युरोपातले बहुतेक गॉडविट याच छोट्या देशात वीण करतात, आणि त्यांची संख्या अनेक दशकं घटते आहे. कारण ऐकून आपल्या धानपट्ट्यातला माणूस गप्प होतो: कुरणांतलं पाणी उपसून जमीन कोरडी केली, एकाच जातीचं जोमदार गवत लावलं, कापणी लवकर आणि यंत्राने होऊ लागली, पिल्लांना किडे मिळेनात आणि कापणीच्या आधी उडताही येईना. आपल्याकडे कोहळी समाजाच्या पूर्वजांनी पाणी अडवून तलाव केले, नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांचा. तिकडे उलट, विमानतळ ज्या जमिनीवर आहे ते हार्लेमरमेर नावाचं अफाट तळं होतं, वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ मध्ये कोरडं केलेलं. तुमचं विमान जुन्या तळ्याच्या तळावर उतरणार आहे. दोन्ही मुलखांची पाखरं माणसाने पाण्याचं काय केलं यावर जगतात, आणि सारस असो की गॉडविट, शेतकऱ्याने थोडी जागा आणि थोडा उशीर दिला तरच ती राहतात. तिथे काही शेतकरी घरट्यांभोवती खुणा लावून तेवढं गवत सोडतात. गोंदियात सारसाच्या घरट्याभोवतीचं धान राखणारे शेतकरी आहेत, त्यांना हे मी आवर्जून सांगतो.

सस्तन प्राणी हवे असतील तर बागेत फार आशा ठेवू नका. समुद्राच्या बाजूला ॲमस्टरडॅम शहराला १८५३ पासून पाणी पुरवणारे वाळूचे डोंगर आहेत, फोगेलेनझांग गावाजवळून आत जाता येतं. थोडं प्रवेशशुल्क आहे, सायकल आणि कुत्र्याला बंदी, पण पायवाट सोडून चालायला मोकळीक. तिथे फॅलो हरणं कळपांनी दिसतात: अंगावर चितळासारखे ठिपके, नराची शिंगं मात्र पंजासारखी पसरट. वसंतात नर शिंगं टाकतात, त्यामुळे काही बोडके दिसतील. लाल कोल्हेही तिथे दिवसाढवळ्या हिंडतात. त्यांना काही खायला देऊ नका.

आता व्यवस्था. तिकीट तारीख आणि वेळेसह आधीच ऑनलाइन काढावं लागतं. मुलाला सकाळी ८ चीच वेळ घ्यायला सांगा. दहाच्या पुढे बसगाड्या लागतात आणि गर्दी होते, पाखरं झाडांच्या आत सरकतात. शनिवार-रविवार टाळा. आधी तळ्याचा काठ आणि जुनी झाडं करा, फुलांचे मंडप दुपारी. गर्दी झाली की रस्त्यापलीकडे वाड्याभोवतीचं रान आहे, तिथे शांतपणे चालता येतं.

दुर्बीण न्याच. ८x३२ (आठपट मोठं दाखवणारी, ३२ मिलिमीटर भिंगाची) पुरे, हलकी असते आणि सासूबाईंनाही धरता येते. घेताना एक बघा: दीड-दोन मीटरवरचं स्पष्ट दिसायला हवं, म्हणजे बंबलबी आणि फुलपाखरालाही चालते. आवाज ओळखायला मर्लिन हे मोफत ॲप निघण्याआधी भरून घ्या, त्यात पश्चिम युरोपाचा संच निवडावा लागतो, नाहीतर ते आपल्याच पाखरांची नावं सुचवत राहतं. तापमान सकाळी पाच-सात अंश आणि वारा बोचरा, म्हणून कानटोपी, वारा अडवणारं जाकीट, जाड मोजे. आपल्याकडे तेव्हा बेचाळीस-चव्वेचाळीस असेल, त्या अंगाला हा फरक सोसायला दोन-तीन दिवस लागतात. आल्या आल्या बागेत नेऊ नका.

सासूबाईंना नक्की जमेल. वाटा सपाट आणि पक्क्या आहेत, बाकं भरपूर, चाकांची खुर्ची आधी सांगून भाड्याने मिळते. पाखरं पाहायला चालण्यापेक्षा बसणंच जास्त कामाचं. पाण्याकडे तोंड असलेलं बाक धरा आणि अर्धा-पाऊण तास तिथून हलू नका. ज्यांनी सारं आयुष्य रोवणीत वाकून धुऱ्यावरची टिटवी आवाजावरून ओळखली, त्यांना तुमच्याआधी दिसेल. त्या जे सांगतील ते वहीत लिहून घ्या, तारीख, वेळ आणि जागेसह, आणि परत आल्यावर मला पाठवा. नावं लागली नसतील तर वर्णनावरून आपण बसून लावू.